सुकऱ्याचा शंकर कुणी केला?

ताथवड्याच्या शिवाराला लागून विटांच्या भट्ट्या आहेत. दिवाळी सरली की मुळशी-मावळच्या डोंगरातली आणि घाटाखालची कातकरी कुटुंबं तिथं विटा थापायला येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. मागच्या महिन्यात आम्ही तिघंजण तिथं संघटनेच्या सभासद नोंदणीला गेलो होतो. पावतीपुस्तक होतं, पेन होतं, अंधार पडायच्या आत चाळीसेक पावत्या फाडू असा हिशेब होता. पहिल्याच झोपडीपाशी अडलो. म्हातारबाबांना नाव विचारलं तर ते म्हणाले, "कंचं लिवता? रेशनचं, मुकादमाचं का माझं?"

आम्हाला हसू आलं. बाबा हसले नाहीत. मग आम्ही पावतीपुस्तक बाजूला ठेवून बसलो, आणि त्या दिवशी पावत्या अकराच फाटल्या.

बाबांच्या रेशनकार्डावर नाव आहे शंकर धर्मा पवार. मतदार यादीत शंकर धर्माजी वाघमारे, कारण यादी करायला आलेल्याने शेजारच्या झोपडीचं आडनाव खाली उतरवत नेलं. मुकादमाच्या वहीत नावच नाही, नुसतं 'पवार, माणसं पाच' आणि पुढे उचलीचा आकडा. आणि डोंगराकडची जी दोन एकर जमीन परत मिळावी म्हणून बाबांची आणि संघटनेची खटपट चालू आहे, तिच्या जुन्या सातबाऱ्यावर नाव आहे सुकऱ्या धर्मा काथोडी. (प्रकरण चालू असल्याने खरी नावं इथं दिलेली नाहीत. वार मात्र तोच ठेवला आहे, तो का ठेवला ते पुढे कळेल.)

ही जमीन १९६६ साली गेली. घरात लग्न होतं, दाणे उचलले होते, कागदावर अंगठा घेतला गेला. अशाच जमिनींसाठी सरकारने १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल तर ती परत करता येते, आणि त्यासाठी कलेक्टरला स्वतःहून चौकशी सुरू करण्याचाही अधिकार आहे. तो अधिकार वापरावा असं निवेदन आम्ही दिलं. साल बसतं, कायदा बसतो, जमीन जागेवर आहे. पण समोरच्या बाजूने काय म्हणणं आलं? 'सुकऱ्या धर्मा काथोडी हा इसम मयत असून निर्वंश आहे. अर्जदार शंकर पवार यांचा सदर जमिनीशी संबंध नाही.'

बाबा कचेरीच्या व्हरांड्यात उकिडवे बसले होते. त्यांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग मी कोन?"

म्हणजे गोष्ट अशी झाली आहे की जिवंत माणसाला तो स्वतःच आहे हे सिद्ध करायचं आहे. आणि हे एका बाबांचं नाही. त्या भट्टीवरच्या अकरा पावत्यांपैकी सात जणांची दोन किंवा जास्त नावं निघाली. आम्ही गेली कित्येक वर्षं सातबारा, फेरफार, अंगठा यावर बोलतो, शिबिरं घेतो. नावावर कधी धड बोललोच नाही. खरं सांगायचं तर आमच्याच जुन्या पावतीपुस्तकात बाबा 'शंकर पवार' म्हणून नोंदलेले सापडले. म्हणून हा लेख.

सुकऱ्याचा शंकर कुणी केला? कुणी दुष्टाने नाही. पोराला आश्रमशाळेत घालायला बाबा गेले तेव्हा मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. सुकऱ्या म्हटल्यावर मास्तर म्हणाले, असलं नाव पोराच्या दाखल्यावर बरं दिसत नाही, शंकर लिहू. आडनाव विचारलं, बाबा म्हणाले कातकरी. मास्तर म्हणाले, ती जात झाली, आडनाव सांगा. वाडीतली बाकीची पोरं पवार लावत होती, म्हणून पवार. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, म्हणून १ जून. महाराष्ट्रात खेड्यापाड्यातली निम्मी पिढी १ जूनला जन्मली आहे हे आपण जाणतोच. मास्तर भले होते, त्यांनी पोराला पाटी-वही स्वतःच्या पैशाने दिली, हेही बाबांनी आवर्जून सांगितलं. पुढे पोराच्या दाखल्यावरून रेशनकार्ड झालं, रेशनकार्डावरून बाकी सगळं. एका दुपारी पाच मिनिटांत बापाचं नाव गेलं, आडनाव आलं आणि जमिनीशी असलेला धागा तुटला. सही कुणाची लागली नाही, अंगठासुद्धा नाही.

आता जे नाव मास्तरांना बरं वाटलं नाही, त्याच्याकडे जरा नीट बघू.

आपल्यात मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव ठेवायची जुनी चाल आहे. कातकऱ्यांत आहे, ठाकरांत आहे, वारल्यांत आहे. सोमवारचा सोम्या, सोमवारची सोमी. मंगळ्या-मंगळी, बुध्या-बुधी, सुकऱ्या-सुक्री. वार नसेल तर महिना, चैतात झाला तो चैत्या. नवस बोलून झाला तो नवश्या. पाठचा लहान तो लहान्या. आजा मेला आणि पाठोपाठ नातू झाला तर आज्याचंच नाव, आजा परत आला असं मानून. आणि ज्या घरात दोन-तीन मुलं दगावली, तिथं पुढच्याला दगड्या, धोंड्या, केऱ्या, भिक्या असं मुद्दाम हलकं नाव, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. हे शेवटचं तर कुणब्या-मराठ्यांतही आहे. गावोगाव दगडू, धोंडू आणि केरू आहेत, त्यांना कुणी नाव बदला म्हणत नाही.

तेव्हा या नावात अडाणीपणा कुठे आहे? ज्या माणसाकडे कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, लिहिता येत नाही, त्याने मुलाच्या जन्माची नोंद कुठं ठेवायची? त्याने ती मुलाच्या नावातच ठेवली. रोज हाक मारली की नोंद ताजी होते. शाळेच्या रजिस्टरातली १ जून ही तारीख खोटी आहे हे मास्तरांना ठाऊक, आपल्याला ठाऊक, कचेरीला ठाऊक, तरी ती पुरावा म्हणून चालते. सुकऱ्या शुक्रवारी जन्मला हे खरं आहे, ते चालत नाही.

आणि ज्यांना असं वाटतं की वाराचं नाव म्हणजे मागासपण, त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९९७ ते २००६ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते कोफी अन्नान, आफ्रिकेतल्या घाना देशाचे. तिथल्या अकान लोकांत आपल्यासारखीच चाल आहे, वाराचं नाव ठेवायची. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. म्हणजे सगळ्या जगाची पंचायत जिथं बसते तिथले मुख्य कारभारी सुकऱ्याच होते. त्याच देशाला इंग्रजांपासून सोडवणारे क्वामे एन्क्रुमा, त्यांचं क्वामे म्हणजे शनिवारचा. हे भट्टीवर सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "त्याला कुनी शंकर केला न्हाई?"

लांब कशाला जायचं. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो जिव्या सोमा याच नावाने. जीवनराव झाले नाहीत म्हणून काही अडलं नाही. आणि चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात जे हुतात्मे झाले त्यातले आपले नाग्या महादू कातकरी. नाव नाग्या, आडनावाच्या जागी जमात. 'ती जात झाली, आडनाव सांगा' असं त्यांना गोळी घालताना कुणी म्हटलं नव्हतं.

इथं आमच्यातच एक वाद आहे, तो लपवत नाही. आमच्या तरुण साथींपैकी काहीजण म्हणतात की हे 'या' लावलेलं नाव म्हणजे सावकाराची हाक. तो स्वतःच्या भावाला गणपतराव म्हणणार आणि आमच्या बापाला गण्या. मग ते नाव आम्ही का जपायचं? या म्हणण्यात तथ्य आहे. मराठीत 'या' लागला की माणूस अरे-तुरेचा होतो. कचेरीत बाबांना, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला, विशीतला शिपाई "ए सुकऱ्या, हिकडं ये" म्हणतो तेव्हा आमच्याही अंगाचा तिळपापड होतो. पण आम्हाला वाटतं, दोष नावाचा नाही, तोंडाचा आहे. बाबांची बहीण त्यांना "सुकऱ्यादादा" म्हणते त्यात काय कमीपणा आहे? शंकर झाल्यावर तरी त्यांना कुणी शंकरराव म्हटलं? 'शंकऱ्या' म्हणतात. तेव्हा भांडायचं तर "अहो सुकऱ्याबाबा म्हणा" यासाठी भांडू. गेल्या मोर्च्याच्या वेळी कचेरीत 'अरे-तुरे बंद' ही मागणी आपण लावून धरली होती, ती बरोबर होती आणि अजून अपुरी आहे.

आडनावाचं प्रकरण याहून किचकट आहे. आपल्याकडे आडनाव लागतं ते कागदाला. वाडीत लागत नाही. वाडीत माणूस बापाच्या नावाने आणि पाड्याच्या नावाने ओळखला जातो. सरकारांना मात्र आडनाव हवं असतं, कारण वसुली आणि पकडवॉरंट दोन्हीला ते सोयीचं. फिलिपिन्स बेटांवर १८४९ साली स्पेनच्या गव्हर्नराने आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली आणि घ्या यातलं एकेक म्हणून सांगितलं. आपल्याकडे यादी छापली नाही, मास्तर, तलाठी आणि मुकादम यांनी सुचेल तसं दिलं. कातकऱ्यांत पवार, जाधव, वाघमारे, मुकणे, हिलम ही आडनावं नेहमीची आहेत. त्यातलं पवार मराठ्यांत आहे, बंजाऱ्यांत आहे, पारध्यांत आहे. जाधवांचं तसंच. त्यामुळे अर्ज घेऊन गेलं की खिडकीवरचा माणूस आडनाव वाचतो आणि मान वर न करता म्हणतो, पवार म्हणजे मराठा ना? आणि कातकरी लावलं तर म्हणतो हे आडनावच नाही.

काथोडी आणि कातकरी यातही असाच घोळ घालतात. कात करणारे ते कातकरी. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळून त्याचा कात काढायचा, हा आपल्या आज्या-पणज्यांचा धंदा. १८७८ चा जंगल कायदा आला, जंगलं राखीव झाली, खैर तोडणं गुन्हा झाला, धंदा बसला. धंदा गेला पण नाव राहिलं. आज भट्टीवर माती तुडवणाऱ्या पोराने उभ्या आयुष्यात खैराची भट्टी पाहिलेली नाही, तरी तो कातकरी आहे. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीखाली सहा नावं दिलेली आहेत: काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी. म्हणजे यादी करणाऱ्यांना कळत होतं की एकाच जमातीला लोक वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. ठाकर-ठाकूरचं तसंच, का ठाकूर आणि मा ठाकूर धरून तिथंही सहा नावं आहेत. मग सातबाऱ्यावर काथोडी आणि दाखल्यावर कातकरी आहे म्हणून माणसं दोन कशी होतात? ताथवड्याचंच बघा. पाट्यांवर आणि नकाशांवर या गावाचं नाव इंग्रजीत किती तऱ्हेने लिहितात. कुठे व आहे, कुठे डब्ल्यू, कुठे एच कमी, कुठे जास्त. म्हणून गाव निर्वंश झालं असं कुणी म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी कडक तपासणी नको तर खोटे आदिवासी घुसतील. घुसतातच. हलबा आणि हलबा कोष्टी, महादेव कोळी आणि नुसते कोळी, ठाकूर जमात आणि ठाकूर आडनावाचे वरच्या जातीचे, हे झगडे आपल्याला माहीत आहेत. आपल्या पोरांच्या जागा कुणी नेल्या तेही माहीत आहे. १९९४ साली सुप्रीम कोर्टाने माधुरी पाटील प्रकरणात निकाल दिला, तो महादेव कोळी म्हणून खोटा दावा केल्याचाच होता. त्यात तपासणी कशी करावी हे कोर्टाने घालून दिलं: शाळेचे दाखले बघा, गावात जाऊन चौकशी करा, आणि जमातीचे देव कोणते, चालीरीती काय, लग्न कसं लागतं, माणूस मेल्यावर काय करतात हे विचारा. या निकालाला आपला विरोध नाही. उलट तो नीट पाळावा. आमच्या पाहण्यात मात्र जे होतं ते असं की पहिला दाखला बघायचं काम चोख होतं आणि पुढचं राहून जातं. ज्याचा आजा शाळेत गेला त्याचा दाखला असतो. कातकऱ्याचा आजा शाळेत गेला नाही, हीच तर त्याची खरी ओळख. १९५० च्या आधीचा कागद आणा म्हणतात, कारण ६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींची यादी निघाली. खोट्याकडे असे कागद बनवलेले असतात. खऱ्याकडे आज्याचं नाव असतं.

आणि नाव कसं ठेवता, हा साधा प्रश्न आम्ही कुठल्याही चौकशीत विचारलेला ऐकला नाही. तो विचारायला हवा, असं आमचं म्हणणं आहे. का, ते बाबांच्या प्रकरणात कळलं.

आम्ही कोतवाल बुकाच्या मागे लागलो. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची जुनी वही. कोतवाल गावभर फिरून जन्म-मरणं कळवायचा आणि ती या वहीत चढायची. पानं हात लावला की तुटतात, बरंचसं मोडीत आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ चिंचवडहून दोन रविवार आले, प्रवासखर्चही घेतला नाही. सापडलं काय? १९३७ सालची नोंद: बाप धर्मा, जात काथोडी, मूल पुरुष. मुलाच्या नावाचा रकाना कोराच, कारण नोंद होते तेव्हा मुलाचं नाव ठेवलेलंच नसतं. आम्ही हिरमुसलो. बाप मिळाला, जात मिळाली, पण हे मूल म्हणजे आपले बाबाच, हे कशावरून? त्या वहीत त्याच धर्माची आणखी दोन मुलं होती, एक याच्या आधीचा मुलगा, एक नंतरची मुलगी. तिघांच्याही नावाचे रकाने कोरे.

तेव्हा आमच्यातली एक वाडीवरची पोरगी म्हणाली, "तारीख हाय ना? मंग वार काढा की."

जुनी जंत्री मिळवली. १९३७ च्या नोंदीतली तारीख शुक्रवारची निघाली. आता सातातून एकदा असं योगायोगानेही जुळतं, हे समोरचा वकील म्हणणार आणि त्याचं चुकीचं नसेल. म्हणून आम्ही बाबांच्या बहिणीकडे गेलो, ती दुसऱ्या वाडीवर असते. तिला तारखांबद्दल काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, आजी, तुम्ही भावंडं किती, नावं सांगा. तिने बोटं मोडत सांगितलं: थोरला मंगळ्या, तो गेला. मग सुकऱ्या. मग मी, बुधी. परत येऊन जंत्रीत बघितलं. पहिल्या मुलाची तारीख मंगळवार. मुलीची बुधवार. तिन्ही एका ओळीत जुळणं हे सात गुणिले सात गुणिले सात, म्हणजे तीनशे त्रेचाळीसातून एकदा होणारं. हे गणित आमच्यातल्या बी.एस्सी. झालेल्या साथीने मांडून दिलं, ते आता निवेदनाला जोडलं आहे.

शंकर या नावाने हे जुळलं असतं का? 'मास्तरांनी बरं केलेलं' नाव घेऊन आम्ही जन्मभर ती वही चाळली असती तरी काही हाती लागलं नसतं.

इथं आमच्या डोक्यात आणखी एक जुना प्रसंग आला, आणि थोडी लाजही वाटली. काही वर्षांपूर्वी एका चौकशीत एका विधवा बाईंना नवऱ्याचं नाव विचारलं होतं. आपल्याकडे जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. त्या दिवशी मंगळवार होता. त्या म्हणाल्या, "उद्या जो वार हाय, त्येच नाव." कारकुनाने लिहिलं, 'नवऱ्याचे नाव सांगता येत नाही.' आम्ही शेजारी उभे होतो, आम्हालाही पटकन उमगलं नाही. बाई बुध्या म्हणत होत्या, स्वच्छ. ते प्रकरण हरलं. हरायला बाकी कारणंही होती, पण ती ओळ निकालपत्रात आली.

ताथवड्यातच सरकारचं वळूंचं प्रक्षेत्र आहे. भट्टीवरची माणसं विचारतात, आत काय चालतं. चांगल्या जातीचे वळू सांभाळतात. तिथं जनावराची जात सांभाळायची म्हणजे त्याची आई कोण, बाप कोण, हे लिहून ठेवावंच लागतं. त्याबद्दल आमची तक्रार नाही, ते शास्त्र आहे. एवढंच की रस्त्याच्या या बाजूला राहणाऱ्या माणसाची आजी कोण हे लिहायला वही नाही.

म्हणून ती वही आपणच करायची असं ठरलं आहे. प्रत्येक वाडीने एक दोनशे पानी वही घ्यावी. घरटी दोन पानं. त्यात माणसाची सगळी नावं लिहायची: हाकेचं, रेशनचं, मतदार यादीचं, शाळेचं, सातबाऱ्यावरचं. कोणतं नाव कुणी दिलं आणि का, हे आठवत असेल तर तेही. बाप, आजा, पणजा, आणि भावंडं जन्माच्या क्रमाने, मेलेली धरून. आई, आजी आणि त्यांचं माहेर. हे म्हाताऱ्या बायांना विचारा, पुरुषांना आज्यापुढे आठवत नाही असा आमचा अनुभव आहे. वाचून दाखवायचं, पाच जणांचे अंगठे-सह्या घ्यायच्या, पोलीस पाटील सही देत असेल तर उत्तम. ही वही कोर्टात लगेच पुरावा होईल असं आम्ही म्हणत नाही. पण कुठल्या रकान्यात काय शोधायचं हे तिच्यावरून कळेल. जिथं सातबाऱ्यावर नुसती लिहिण्याची चूक आहे, सुक्ऱ्या, सुकर्या, सुक्रा असलं काही, तिथं जमीन महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज देता येतो. तो द्या, वाट बघत बसू नका. जिथं नावच वेगळं आहे तिथं नवीन कागदावर 'उर्फ' लिहून घ्या: शंकर उर्फ सुकऱ्या. उर्फ लिहायला कुणी नाही म्हणालं तर लेखी कारण मागा.

तरुण पोरा-पोरींना एक सांगणं आहे. तुमच्या लेकरांची नावं सचिन ठेवा, माधुरी ठेवा, आम्ही कोण अडवणारे. आमच्यातल्या दोघांच्या मुलांची नावं सिनेमातलीच आहेत. पवार लावा, वाघमारे लावा. वर्गात 'कातकरी' म्हणून हसतात तेव्हा काय होतं ते आम्ही भोगलं आहे, त्यामुळे आडनाव बदलणाऱ्याला आम्ही कधी भित्रा म्हणणार नाही. फक्त दाखल्यावर बापाचं नाव लिहिताना मास्तर सुधारू लागले तर त्यांना थांबवा. बापाचं नाव त्याच्या आईने ठेवलेलं आहे, ते तसंच लिहा म्हणा. हिंजवडीपर्यंत एमआयडीसी आली आहे, जमिनीचे भाव डोंगरापर्यंत चढत चालले आहेत, बंगल्यांसाठी लोक गाड्या घेऊन वाड्यांवर फिरतायत. त्यांच्या हातात सातबाऱ्याचे उतारे असतात, जुने सुद्धा. 'सुकऱ्या काथोडी कुठे राहतो' असं विचारत ते वाडीत येतील, आणि आपलंच पोर म्हणेल, या नावाचं इथं कुणी नाही.

बाबांच्या प्रकरणाची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. कोतवाल बुकाच्या नकला आणि बुधीआजीचा जबाब त्या दिवशी द्यायचा आहे. आजींना एसटीने आणावं लागेल, त्यांच्या वाडीवरून सकाळी एकच गाडी आहे, तेव्हा कुणीतरी आदल्या रात्रीच जायला हवं. ताथवड्याच्या भट्टीवरून बाबांसोबत पाच-सहा जण येणार आहेत, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडेल, त्यासाठी संघटनेच्या फंडातून जेवणखर्च धरला आहे. बाबांच्या नावाची नवी पावती फाडली आहे, जुनी रद्द केली. मोडी वाचणारं कुणी ओळखीत असेल तर कळवा. भट्टीवरची माणसं मे अखेरीला गावी परततात, त्याच्या आत किमान दहा वाड्यांच्या वह्या सुरू व्हायला हव्यात.